दोन छोट्या गाड्या आणि एक मीरा

नाशिक रोड स्टेशनाबाहेर एकेकाळी टू-स्ट्रोक रिक्षा रांगेनं उभ्या असत. चालक खालचा दांडा जोरात खेचायचा, निळसर धूर निघायचा आणि फटफट सुरू व्हायची. मेसर्श्मिट केआर २०० या जर्मन गाडीबद्दल पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला तोच आवाज आठवला. १९१ सीसीचं, एका सिलिंडरचं टू-स्ट्रोक झाक्स इंजिन. ताकद जेमतेम १० अश्वशक्ती.

महायुद्धानंतर जर्मनीत विमानं बनवायला बंदी होती. मेसर्श्मिट या विमान कंपनीच्या हातांना काम हवं होतं आणि फ्रिट्झ फेंड या अभियंत्याकडे अपंगांसाठी बनवलेल्या तीनचाकीचा अनुभव होता. त्यातून १९५५ साली केआर २०० आली. दोघं एकामागे एक बसणार, डोक्यावर पारदर्शक घुमट. रिव्हर्स गिअर नाहीच! इंजिन बंद करायचं, किल्ली आणखी आत दाबायची आणि पुन्हा सुरू करायचं. इंजिन उलटं फिरू लागतं. टू-स्ट्रोकला झडपा नसल्यामुळे हे जमतं, फक्त ठिणगीसाठी पॉइंटांचा दुसरा संच लागतो. म्हणजे मागे जायलाही चार गिअर.

दुसरी छोटी गाडी म्हणजे इसेटा; तिचा स्वभाव वेगळा. मूळची इटलीच्या इसोची, १९५३ची. १९५५ पासून बीएमडब्ल्यूनं ती परवान्यावर बनवली आणि १९६२ पर्यंत १ लाख ६१ हजारांहून अधिक विकल्या. फ्रिजसारखं पुढचं अख्खं तोंड उघडतं आणि स्टिअरिंगही दाराबरोबर बाजूला सरकतं. आत दोघं शेजारी-शेजारी. मागची चाकं इतकी जवळ, की डिफरन्शियलची गरजच उरली नाही. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या जुन्या रेल्वे कारखान्यात ती तयार होई. तिथे रस्ताच पोचत नव्हता. सुटे भाग रेल्वेनं येत आणि तयार गाड्याही रेल्वेनंच जात. रेल्वेच्या गावात राहणाऱ्या मला ही गोष्ट विशेष आवडते.

संग्रहासाठी कुठली घ्यावी? माझं मत इसेटाला. ती जास्त संख्येनं बनली, त्यामुळे भाग मिळतात, शिवाय बीएमडब्ल्यूच्या इसेटाचं फोर-स्ट्रोक इंजिन आपल्या मेकॅनिकांच्या हाताखालचं आहे. मेसर्श्मिट घेणाऱ्यानं घुमटाच्या कडा आणि तडे आधी पाहावेत. आपल्याकडे पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आहे. रोजच्या वापराला मात्र अशी गाडी चालत नाही.

युरोपात या दोन गाड्या बनत होत्या त्याच सुमारास इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी नावाचे गृहस्थ स्वतःच्या हिमतीवर 'मीरा' ही छोटी गाडी घडवत होते. पुढे वर्षानुवर्षं त्यांनी एकामागून एक नमुने सुधारले, स्प्रिंगांच्या जागी रबर वापरलं. मीरा मोठ्या प्रमाणावर कधीच बनली नाही. इसेटाचं रबरी पॅकिंग आजही युरोपातून मागवता येतं. मीराचं मागवणार कुठून? तरी एखाद्या गोदामात तिचा सांगाडा निघालाच, तर इसेटाआधी मी त्याच्यापाशी जाईन आणि ते रबर अंगठ्यानं दाबून पाहीन.