बाळाच्या ताटात कोणता मासा?

आमच्या मालवणाकडे बाळंतिणीला मोरी म्हणजे शार्क मासा खाऊ घालायची रीत आहे. दूध वाढतं म्हणतात. सुनेच्या बाळंतपणात मी ती मोडली. दीड वर्षाच्या नातवालाही मोरी देत नाही. कारण पारा.

कोळसा जळतो तेव्हा त्यातला पारा हवेत जातो, तिथून पाण्यात उतरतो. पाण्यातले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. बारीक माशांत तो थोडा असतो. पण त्यांना खाऊन वर्षानुवर्षं जगणाऱ्या मोठ्या शिकारी माशांत साठत जातो. मोरी, तलवार मासा, मोठा ट्यूना हे त्यातले. मांसातच बसलेला हा पारा धुऊन जात नाही, तळूनही नाही.

जपानच्या मिनामातात १९५६ मध्ये मिथाइल पाऱ्यामुळे होणारा विकार उघडकीला आला. चिस्सो कंपनीचं पारा असलेलं सांडपाणी खाडीत जात होतं आणि लोक तिथलेच मासे खात होते. तिथल्या काही आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, पण वारेतून पारा पोटातल्या बाळांपर्यंत गेला आणि त्यांचे मेंदू जन्माआधीच अधू झाले. हे वाचून मी फार अस्वस्थ झाले. आपल्या जेवणातलं प्रमाण त्या मानाने खूपच कमी, तरी घडत्या मेंदूला जपायलाच हवं.

म्हणून मासेच बंद करू नका! त्यातली प्रथिनं आणि ओमेगा-३ मुलांना हवीच असतात. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन एक ते तीन वर्षांच्या मुलांना कमी पाऱ्याचे मासे आठवड्यातून दोनदा, दर वेळी सुमारे २८ ग्रॅम द्यायला सांगतं. नातवाला मी तारली देते, काटे नीट काढून, भातात कुस्करून. मोठ्या सुरमईच्या तुकड्या आम्हा थोरांसाठी.