नांदेड किती अक्षरांचे?

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ चार जिल्ह्यांचे. समजा, पर्ल भाषेत त्यांचा तक्ता छापायचा आहे: नांदेडचे तालुके 16, लातूरचे 10, परभणीचे 9, हिंगोलीचे 5. 2011च्या जनगणनेनुसार नांदेडची लोकसंख्या 33,61,292 आणि लातूरची 24,54,196. ही माहिती हॅशच्या पोटातल्या हॅशमध्ये छान मावते. बाहेरची किल्ली जिल्ह्याचे नाव, आतल्या किल्ल्या ‘तालुके’ आणि ‘लोकसंख्या’. छापायला बसले की मात्र गैरसमज एकेक करून समोर येतात.

पहिला समज असा, की थेट प्रिंट म्हटले की आतला हॅश कागदावर उतरतो. प्रत्यक्षात ‘हॅश’ हा शब्द आणि कंसात मेमरीतला पत्ता एवढेच उमटते, कारण बाहेरच्या हॅशकडे आतल्याचा फक्त संदर्भ असतो. ‘डेटा डंपर’ सगळे उलगडून दाखवतो, पण तो तपासणीसाठी. तक्त्याच्या ओळी फिरत्या लूपने आपणच काढायच्या.

ज्या क्रमाने भरले त्याच क्रमाने निघते, हाही भ्रमच. रुबी 1.9 पासून आणि पायथॉन 3.7 पासून भरण्याचा क्रम टिकतो. पर्लमध्ये तशी हमी कधीच नव्हती आणि 2013च्या 5.18 आवृत्तीपासून तर क्रम दर वेळी बदलू शकतो. म्हणून किल्ल्या आधी सॉर्ट कराव्यात.

नुसते विचारल्याने काही बदलत नाही, असेही वाटते. ‘बीडच्या आत तालुके आहेत का?’ एवढे तपासले, तरी पर्ल गुपचूप ‘बीड’ नावाचा रिकामा हॅश तयार करते आणि तक्त्यात पाचवी, मोकळी ओळ येते. आधी बाहेरची किल्ली तपासावी.

खरी कसोटी मराठी नावांची. प्रिंटएफला वीस जागांचा रकाना सांगितला की आकडे आपोआप एकाखाली एक येतील, हा समज रोमन लिपीपुरता ठीक आहे. ‘नांदेड’ शाळेतले मूल तीन अक्षरांत मोजेल. युनिकोडमध्ये त्याची चिन्हे सहा: न, काना, अनुस्वार, द, मात्रा, ड. यूटीएफ-8मध्ये त्यांचे बाइट अठरा. मजकूर डीकोड केलेला नसेल तर पर्ल बाइट मोजते. मग नांदेडपुढे दोन मोकळ्या जागा सुटतात, लातूरपुढे पाच, आणि 21 बाइटांच्या हिंगोलीला आकडा थेट चिकटतो.

डीकोड केले म्हणजे झाले, असेही नाही. मात्रा, उकार आणि अनुस्वार वेगळी जागा घेत नाहीत. काना, वेलांटी मात्र अनेक टर्मिनलांत एकेक जागा घेतात. अशा ठिकाणी नांदेड आणि लातूर चार-चार जागांचे, हिंगोली सहा जागांचे. अक्षरे मात्र तिन्ही नावांत तीन-तीनच! त्यामुळे अक्षरे मोजूनही भागत नाही. नावाची पडद्यावरची रुंदी काढावी आणि उरलेल्या जागा स्वतः भराव्यात. ‘युनिकोड जीसीस्ट्रिंग’ हे मॉड्यूल रकान्यांची संख्या सांगते. किंवा एचटीएमएल तक्ता करून मांडणी ब्राउझरवर सोपवावी. आकडे जुळावेत म्हणून जिल्ह्यांची नावे रोमन लिपीत लिहायची गरज मुळीच नाही.