ब्लेंड म्हणजे भेसळ नव्हे
‘रेड ब्लेंड’ वाइन म्हणजे उरलेसुरले रस एकत्र करून भरलेली बाटली, असा समज बराच पसरला आहे. प्रत्यक्षात ब्लेंड म्हणजे दोन किंवा अधिक जातींच्या द्राक्षांचा ठरवून, मापात केलेला मेळ. थालीपिठाची भाजणी आठवा. ज्वारी-बाजरीत उडीद पडतो तो चिकटपणासाठी, धणे वासासाठी. तिला कुणी भेसळ म्हणत नाही.

इटलीच्या तोस्काना प्रांतातली कियांती क्लासिको घ्या. तिच्यात सांजोवेसे हे द्राक्ष किमान 80 टक्के असावेच लागते. उरलेला भाग बहुधा कानायोलो, कोलोरिनो किंवा मेर्लोचा. कानायोलो मऊपणा आणते, कोलोरिनो रंग. पांढरी द्राक्षेही पूर्वी चालत. 2006 पासून ती बंद झाली. (निव्वळ सांजोवेसेची कियांतीही मिळते, तीही नियमात बसते.)

घरी टोमॅटोच्या सॉसमधला पास्ता केला, तर हीच वाइन का शोभते? टोमॅटो आंबट असतो, आणि त्याच्यापुढे कमी आंबट वाइन मिळमिळीत लागते. सांजोवेसे मुळातच आंबटसर. सॉसमध्ये खिमा, वर पार्मेझान असेल तर टॅनिनचा (द्राक्षाच्या साली-बियांतला तुरट घटक) चरचरीतपणाही निवळतो. फक्त सवयीने लाल तिखट जास्त घालू नये. त्याने तुरटपणा आणि अल्कोहोलची जळजळ दोन्ही वाढतात.

रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी म्हणतात, ती खोली साधारण 16 ते 18 अंशांची. नागपुरात मे महिन्यात बाटली आधी फ्रीजमध्येच ठेवावी.