जमीन पेटते तेव्हा

जमीनच पेटते असे कुणी सांगितले तर तुम्ही हसाल. पण इंडोनेशिया देशात हे खरोखर घडते. तेथील दलदलीत हजारो वर्षांचा पालापाचोळा पुरता न कुजता साचला आहे. त्या थराला ‘पीट’ म्हणतात. पीट ओले असले की भीती नाही. पण शेतीसाठी चर खणून पाणी काढून दिलं की ते वाळतं. मग एक ठिणगी पुरते! भुशातल्या विस्तवासारखी आग आतल्या आत धुमसत राहते. २०१५ साली तेथे सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळाली. धुरामुळे कितीतरी शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

मग धोका आधी कसा ओळखायचा? जमिनीत नळी पुरून तिच्यात सेन्सर नावाचे मोजयंत्र सोडतात. पाणी किती खोल गेले ते तो कळवतो. ते ४० सेंटिमीटरहून खाली जाऊ नये, असा तेथील सरकारचा नियम आहे. पाऊस, ऊन, वारा यांच्याही नोंदी होतात. पूर्वी नोंदी कशा होत्या आणि आग कुठे लागली, हे सारे संगणकाला दाखवतात. जुनी गणितं सोडवून आपल्याला नवं गणित सुटतं ना, तसंच त्याचं! कोणत्या भागात धोका जास्त, हे तो सांगतो.

अंदाज कधी चुकतोही. शिवाय संगणक आग विझवत नाही. चरांना बांध घालून पाणी माणसांनीच अडवायचे असते. तहान लागल्यावर विहीर खणू नये, म्हणतात ते काही खोटं नाही.

– इयत्ता सातवी