काचेच्या चंबूतली कॉफी

शहरात नोकरीला असलेली मुले सणासुदीला घरी येताना अलीकडे एक काचेचे भांडे घेऊन येतात. वर नरसाळ्यासारखे पसरट, मध्ये निमुळते, खाली चंबूसारखे फुगीर आणि गळ्याला लाकडी पट्टा चामड्याच्या वादीने बांधलेला. मुले परत गेली की भांडे फळीवर जाऊन बसते. घरातल्या बायकांना ते फुटण्याची भीती, तर पुरुषमंडळींना तो उगाचचा खर्च वाटतो. मंडळी, ते भांडे खाली काढा. त्यात उत्तम कॉफी तर होतेच, शिवाय कॉफी म्हणून आपण पैसे मोजून जे विकत आणतो त्यात कॉफी किती, याचाही उलगडा होतो.

या भांड्याचे नाव केमेक्स. न्यूयॉर्कला जाऊन राहिलेले जर्मन रसायनशास्त्रज्ञ पीटर श्लुम्बोम यांनी १९४१ साली ते तयार केले. प्रयोगशाळेतले नरसाळे आणि चंबू यांचा हा जोड आहे. कागदातून कॉफी गाळण्याची युक्ती त्याहून जुनी, आणि ती काढली एका गृहिणीने. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांना कपात येणारा गाळ नकोसा झाला होता. त्यांनी पितळी भांड्याला खिळ्याने भोके पाडली आणि मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात घातला. ही गोष्ट १९०८ सालची.

आता मालाकडे वळू. दुकानातल्या पुष्कळशा पाकिटांवर बारीक अक्षरांत 'कॉफी-चिकोरी मिश्रण' असे छापलेले असते. अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी असा नियम आहे. म्हणजे उरलेला ४९ टक्क्यांपर्यंतचा भाग चिकोरी असू शकतो. चिकोरी म्हणजे कासनीचे भाजलेले मूळ. बरसीमच्या शेतात निळ्या फुलांचे तण येते ना, तीच ही कासनी. गुजरातेत तिचे पीक घेतात. ती काही विष नव्हे. दाट रंग आणि कडवटपणा येतो म्हणून दक्षिणेत अनेकांना ती आवडतेही. पण तिला कॉफीचा भाव का द्यावा? पाकिटावर प्रमाण टक्क्यांत लिहिलेले असते, ते वाचून मगच पैसे द्या. सुटी पूड असेल तर पेलाभर गार पाण्यावर चिमूटभर टाकून पाहा. कॉफी वर तरंगते, चिकोरी रंगाच्या रेघा सोडत तळाला जाते.

या भांड्यासाठी मात्र भाजलेल्या अख्ख्या बियाच आणाव्यात. आपल्या देशात सुमारे ७० टक्के उत्पादन रोबस्टा जातीचे, बाकीचे अरेबिकाचे. दुधाशिवाय प्यायची तर अरेबिका घ्या, ती सौम्य आणि सुवासिक असते. चिकमगळूर, कोडगू, हासन हे तिचे मुख्य जिल्हे. आपल्याकडे मेळघाटात चिखलदऱ्यालाही कॉफी होते. तिथला शेतकरी सावलीच्या झाडांखाली पीक घेतो, झाडांवर मिरीचे वेल चढवतो आणि पिकलेली लाल फळे हाताने वेचतो. हिरवी-पिकली एकत्र तोडली, किंवा वाळवताना माल ओला राहिला, की चव बिघडते. दूध-साखरेत हे सगळे लपून जाते. कोऱ्या कॉफीत लपत नाही.

तीन कपांसाठी अर्धा लिटर पाणी आणि ३० ग्रॅम बिया घ्या. पूड केल्यावर त्या साधारण सहा सपाट पोह्याचे चमचे होतात. मिक्सर सलग न फिरवता थांबत थांबत फिरवा. पूड जाड रव्याएवढी हवी. भांड्याला मसाल्याचा वास असेल तर आधी मूठभर तांदूळ दळून ते पुसून घ्या, नाहीतर कॉफीला लसणाचा वास येईल!

कागदाची चौघडी करून शंकू उघडा. तीन पदरांची बाजू भांड्याच्या चोचीकडे ठेवा. तिथली खाच हवा बाहेर जाण्यासाठी असते, ती बुजली तर धार अडते. आधी थोडे गरम पाणी ओतून कागद भिजवा आणि ते पाणी फेकून द्या. त्याने कागदाचा वास जातो, काचही तापते. भांडे ओल्या गार ओट्यावर न ठेवता कोरड्या फडक्यावर ठेवावे. काच बोरोसिलिकेट आहे ना, हे वेष्टनावर पाहून घ्या. साध्या काचेचे नक्कल केलेले भांडे उकळत्या पाण्याने तडकते, आणि घरात पोरेसोरे असतात. चुलीवर ते ठेवूच नये.

पाणी उकळले की खाली उतरवून अर्धा मिनिट थांबा. पुडीवर आधी फक्त अर्धी वाटी पाणी ओता आणि पाऊण मिनिट पाहत राहा. कॉफी ताजी असेल तर पूड फुगून वर येते आणि बुडबुडे फुटतात, कारण भाजताना बियांत अडकलेला वायू बाहेर पडत असतो. शिळ्या पुडीतून तो आधीच निघून गेलेला असतो, म्हणून ती निपचित पडून राहते. दुकानदाराला जाब विचारायला एवढा पुरावा पुरे. मग उरलेले पाणी बारीक धारेने, गोल गोल फिरवत, थांबून थांबून ओता. सगळे गाळून व्हायला चार-पाच मिनिटे लागतात. कॉफी फार कडू झाली तर पुढल्या वेळी जाडसर दळा. आंबट, पाणचट झाली तर बारीक.

हा कागद कॉफीतले तेल अडवून धरतो. त्या तेलातल्या काही घटकांनी कोलेस्टेरॉल वाढते, म्हणून ज्यांना डॉक्टरांनी जपायला सांगितले आहे त्यांना उकळलेल्या कॉफीपेक्षा ही बरी. तालुक्याला कागद मिळत नसेल तर उकळून घेतलेले पातळ सुती फडके दुहेरी करून वापरा. त्यातून थोडे तेल उतरते एवढेच. फडके साबणाने मात्र धुऊ नका, नुसत्या गरम पाण्याने धुवा.

दुधाची कॉफी हवी असेल तर या भांड्याच्या नादी लागू नका. हा अर्क पातळ असतो, दुधात तो हरवून जातो. त्यासाठी आपली जायफळ-वेलदोड्याची उकळलेली कॉफीच खरी. मळणीच्या दिवशी दहा माणसे आली तर चहाचे पातेले चढवावे. काचेचा चंबू दोघा-तिघांपुरता, सकाळी निवांत बसण्यापुरता आहे. संध्याकाळनंतर मात्र ही कॉफी टाळा, ज्यांना झोपेची तक्रार आहे त्यांनी विशेष.

राहिला चोथा. त्यात सुमारे दोन टक्के नत्र असते, म्हणून तो कागदासकट कंपोस्टच्या खड्ड्यात टाका, गांडुळांनाही तो चालतो. ताजा चोथा रोपांच्या बुडाशी जाड थराने घालू नका, त्याने कोवळ्या रोपांची वाढ खुंटते. खड्ड्यात पालापाचोळ्यात मिसळून कुजू द्या, आणि मग परसातल्या वांग्या-मिरच्यांना घाला.