खोकला मोजताना

नावड्यात रात्री वारा तळोजा एमआयडीसीकडून आला की खिडक्या लावल्याचे आवाज येतात, मागोमाग खोकल्याचे. शेजारच्या काकूंचा खोकला मात्र वाऱ्याची वाट पाहत नाही. बेडखा तपासून झाला, एक्स-रे झाला, पित्ताच्या गोळ्या झाल्या. सापडलं काहीच नाही. फोनवर जरा बोलल्या की ढास सुरू.

आठ आठवड्यांपलीकडे रेंगाळणाऱ्या अशा खोकल्यात कधीकधी मज्जातंतूच हळवे झालेले असतात. श्वासमार्गातल्या त्यांच्या टोकांवर आयन चॅनेल नावाची सूक्ष्म दारं असतात. टीआरपीव्ही१ मिरचीने उघडतं. टीआरपीए१ मोहरीच्या झणक्याने, करपल्या तेलाच्या धुराने, क्लोरीननेही.

हे दुसरं दार बंद करायचा प्रयत्न नवी मुंबईतच, महाप्याच्या ग्लेनमार्क संशोधन केंद्रात झाला. जीआरसी १७५३६ हा तिथला रेणू. सायट्रिक अ‍ॅसिडच्या तुषारांत ठेवलेल्या गिनीपिगांचा खोकला त्याने कमी झाला, असा शोधनिबंध २०१४ मध्ये आला. (उंदीर आपल्यासारखे खोकत नाहीत, म्हणून गिनीपिग.) रुग्णांवरच्या चाचणीत मात्र तो फळला नाही. टीआरपीव्ही१ रोखणाऱ्या एका औषधाचीही तीच गत: मिरचीच्या अर्काचा ठसका उशिरा लागू लागला, दिवसभराचा खोकला होता तेवढाच राहिला.

औषध लागू पडलं की नाही, हे ठरतं मोजणीवर. रुग्णाच्या अंगावर माइक लावून २४ तासांचं रेकॉर्डिंग करतात. संगणक त्यातली शांतता गाळतो, उरलेलं माणूस कान देऊन ऐकतो. काकूंच्या परवानगीने मी मोबाइलवर तासभराचं करून पाहिलं. खाकरणं धरायचं का? एका उबळीत सलग पाच धक्के आले, तर एक की पाच? चाचण्यांत प्रत्येक धक्का वेगळा धरतात. इतका काटेकोरपणा लागतोच, कारण औषध नसलेल्या गोळीनेही खोकला बराच उतरतो.

या मोजणीत टिकलं ते पी२एक्स३ हे चॅनेल. दुखावलेल्या पेशींतून सांडलेलं एटीपी नावाचं रसायन ते उघडतं. गेफापिक्संट या औषधाने ते रोखल्यावर, २०१५ च्या ब्रिटिश चाचणीत, दिवसाचा खोकला नुसत्या गोळीच्या तुलनेत ७५ टक्क्यांनी घटला. पण औषध घेणाऱ्या प्रत्येकाची चव बिघडली. त्याचंच भावंड चॅनेल जिभेकडच्या मज्जातंतूंवरही असतं. मात्रा उतरवली तेव्हा चवीचा त्रास कमी झाला आणि गुणही. जपानने २०२२ मध्ये मान्यता दिली, अमेरिकेने दोनदा नाकारली. आता कॅम्लिपिक्संटसारखी औषधं जिभेचं चॅनेल वगळून नेमकं पी२एक्स३ गाठू पाहताहेत.