आधी सांगून पाहणे

नवी मुंबईत करावे गावाच्या परिसरात, पामबीच रस्त्याच्या खाडीकडील अंगास, ‘चाणक्य’ ही नौकानयन-प्रशिक्षणाची संस्था उभी आहे. 1927 मध्ये मुंबई बंदरातील ‘डफरिन’ जहाजावर सुरू झालेली, 1972 पासून ‘राजेंद्र’ जहाजावर चाललेली आणि 1993 मध्ये जहाज सोडून येथे जमिनीवर स्थिरावलेली ही परंपरा सध्या भारतीय सागरी विद्यापीठाच्या छत्राखाली नांदते आहे. जहाज हाकण्याचे शिक्षण आजकाल जगभर सिम्युलेटरवर बरेच दिले जाते. कृत्रिम समुद्रापुढे सुकाणू धरून उभा असलेला विद्यार्थी काय पाहतो, कोणता हुकूम सोडतो, कोठे कचरतो, हे सारे पलीकडच्या दालनात बसलेला प्रशिक्षक निमूटपणे पाहत असतो. परंतु या पाहण्यालाही शिरस्ता आहे. खलाशी-अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासंबंधी जो आंतरराष्ट्रीय करार 1978 मध्ये झाला, त्याच्या संहितेनुसार प्रशिक्षणार्थ्यास सरावाचा हेतू आधी समजावून सांगणे, सराव चालू असता त्यावर नजर ठेवणे आणि तो आटोपल्यावर काय चुकले व काय साधले याची त्याच्याशी चर्चा करणे, ही तिन्ही कर्तव्ये प्रशिक्षकावर आहेत.

हे येथे सांगण्याचे कारण असे की, ज्या शहरात विशीतल्या तरुणावर पाळत ठेवण्यासाठी एवढा जाबता पाळावा लागतो, त्याच शहरातल्या, आणि खरे तर साऱ्या महाराष्ट्रातल्या, शाळांच्या संगणक-कक्षांत बारा-तेरा वर्षांच्या मुलांचे पडदे पाहण्याची सोय आता सहज उपलब्ध असून, तिच्यासाठी असा कोणताही जाबता सहसा कोणी लिहून ठेवलेला नसतो.

ही सोय चालते कशी, ते आधी पाहू. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक यंत्रावर एक लहानसा प्रोग्राम बसवलेला असतो. यंत्र सुरू होताच तो आपोआप चालू होतो आणि कक्षातल्या अंतर्गत जाळ्यातून त्या पडद्याचे चित्र वारंवार शिक्षकाच्या यंत्राकडे धाडत राहतो. शिक्षकाच्या पडद्यावर मग तीस-चाळीस चिमुकल्या चौकटी मांडलेल्या दिसतात, आणि त्यांतील कोणतीही मोठी करून पाहता येते, तिच्यातला माउस आपल्या हाती घेता येतो, ठरावीक संकेतस्थळे बंद करता येतात, आपला पडदा साऱ्या वर्गाला दाखवता येतो किंवा साऱ्या वर्गाचे पडदे एका कळीसरशी कुलूपबंद करता येतात. असे प्रोग्राम विकत मिळतात, तसे फुकटही मिळतात. जर्मनीत तयार झालेला ‘वेयॉन’ हा मुक्त-स्रोत प्रोग्राम त्यांपैकीच एक होय. त्यात कोणत्या शिक्षकाला कोणता पडदा पाहण्याची मुभा असावी हे ठरवण्याची तजवीजही आहे, पण ती वापरावयाची की नाही हे बसवणाऱ्याच्या मर्जीवर.

ही सोय मुळातच वाईट, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एका यंत्रापुढे दोन-दोन मुले दाटीवाटीने बसलेली, तासिका जेमतेम पस्तीस-चाळीस मिनिटांची, आणि मागच्या रांगेतल्या मुलीचे सूत्र नेमके कोणत्या रकान्यात चुकले आहे हे पाहायला बाईंना खुर्च्यांमधून वाट काढत जायचे, म्हणजे तास संपलाच. तेथे बसल्या जागेवरून तिची चौकट उघडून चुकलेला रकाना दाखवून देणे ही खरोखरच शिकवण्यातली मदत आहे, आणि चारचौघांत हात वर करायला लाजणाऱ्या मुलीला तर ती अधिकच. उलट बाजूची गंमतही प्रत्येक संगणक-शिक्षकाला ठाऊक असते. कोपऱ्यातल्या मुलाने हळूच मोटारशर्यतीचा खेळ उघडावा, सरांनी त्याचा पडदा कुलूपबंद करावा आणि त्या बहाद्दराने निरागस चेहऱ्याने ‘सर, पीसी हँग झाला’ अशी फिर्याद करावी! पुढच्या तासाला तो यंत्रामागची केबल सैल करून ठेवतो. सरांच्या पडद्यावरची त्याची चौकट काळवंडते आणि शोधमोहीम पुन्हा सुरू होते. निदान येथे दोघांनाही एकमेकांचा डाव ठाऊक असतो, आणि हे त्यातले बरे.

प्रकरण बिघडते ते ज्याला पाहिले जाते त्याला पत्ताच नसतो तेव्हा. अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातील लोअर मेरियन शाळा-विभागाने सुमारे 2,300 विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले, आणि हरवलेला लॅपटॉप शोधण्याच्या मिषाने त्यांचा कॅमेरा दुरून चालू करण्याची व्यवस्था त्यांत ठेवली. विद्यार्थी व पालक यांना मात्र तिची इत्तला दिली नाही. एका विद्यार्थ्यापुढे त्याच्या घरातले छायाचित्र पुरावा म्हणून ठेवले गेले, तेव्हा 2010 च्या फेब्रुवारीत खटला उभा राहिला. चौकशीत पडद्यांची व कॅमेऱ्याची मिळून 50,000 हून अधिक चित्रे सापडली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात 6,10,000 डॉलर देऊन विभागाला तडजोड करावी लागली. हेतू चोरी पकडण्याचा असल्याने आपण निर्दोष, ही समजूत तेथे फार महाग पडली.

आपल्याकडे कोविडच्या काळात, 2021 साली, पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाने घरी बसून द्यावयाच्या परीक्षांवर कॅमेऱ्याची देखरेख ठेवली होती. परीक्षेची नजर स्वयंपाकघरापर्यंत पोहोचण्याचा हा अनुभव अनेक मराठी घरांना तेव्हाच आला. पुढे 2024 च्या ऑगस्टमध्ये, बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर, राज्य शासनाने शाळांतून सीसीटीव्ही बसवण्याचे आदेश काढले, आणि त्यामागची निकड कोणीही नाकारणार नाही. परंतु व्हरांड्यातला कॅमेरा मुलाचे शरीर कोठे आहे एवढेच पाहतो. पडद्यावरची नजर मात्र त्याने काय शोधले, काय लिहून खोडले आणि कोणता प्रश्न विचारायला तो धजावला नाही, इथपर्यंत जाते. या दोहोंस एकाच मापाने मोजणे मला मान्य नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि 2023 च्या व्यक्तिगत डिजिटल विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास व त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली. हे वाचून पालकांना हायसे वाटावे, तोच 2025 च्या नोव्हेंबरात निघालेल्या नियमांच्या परिशिष्टात शिक्षणसंस्थांना सूट मिळाली: आपल्या शैक्षणिक कार्यासाठी किंवा पटावरील मुलांच्या सुरक्षिततेसाठी त्यांनी अशी पाळत ठेवल्यास ही मनाई लागू होत नाही, आणि त्यासाठी पालकांची संमती घेण्याचे बंधनही राहत नाही. सूट निराधार नाही, कारण तिच्यावाचून साधी हजेरीही अडेल. मात्र ‘शैक्षणिक कार्य’ या शब्दांत काय काय मावेल, हे ठरवण्याचे काम व्यवहारात मुख्याध्यापकाच्या मेजावरच येऊन पडते.

मग तेथेच तो जाबता लिहावा. पडदे कोण पाहणार, फक्त तासापुरते की दिवसभर, चित्रे साठवली जाणार असतील तर किती दिवसांनी पुसली जाणार, घरी दिलेल्या टॅबलेटवरही ही नजर चालू राहणार काय, आणि चुकार मुलाला त्याची नोंद दाखवून त्याचे म्हणणे ऐकून घेतले जाणार की नाही, एवढ्या पाच-सहा ओळी मराठीत छापून संगणक-कक्षाच्या दारावर लावण्यास कोणत्याही शासन-निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. आणि शाळेला त्या सुचल्या नाहीत, तर जूनमधल्या पहिल्या पालकसभेत, गणवेशाचा रंग आणि बसचे भाडे यांवरचा वाद मिटल्यावर, त्या मागून घेण्यास पालकांना कोणाचीही आडकाठी नाही.